सहाशे चाळीस रुपये कुठून आले

२०२३ च्या मार्चअखेरीस, आमच्या पतसंस्थेत ताळेबंदाची झुंबड उडालेली असताना, माझ्या मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. धाकट्या भावजींच्या खात्यात ६४० रुपये जमा. त्यांच्या खात्याला नंबर माझा दिलाय. भावजींना जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे, बोटं वळत नाहीत, मोबाइल धरता येत नाही. डोकं मात्र तल्लख. क्रिकेटचे आकडे मला विचारू नका, त्यांना विचारा.

संजय गांधी निराधारचे पैसे वेगळे येतात, ते मला माहीत होतं. हे ६४० कशाचे? सासूबाई म्हणाल्या, "आले ना, मग गप घे की. विचारायला जाशील आणि परत काढून घेतील."

पण मी पतसंस्थेत क्लार्क. कुठल्या खात्यावर कसली जमा आली हे कळल्याशिवाय मला झोप लागत नाही. शनिवारी दुपारी ग्रामपंचायतीत गेले.

भाऊसाहेब होते. (ग्रामसेवक हे पद आता ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण गावात भाऊसाहेब ते भाऊसाहेबच.) त्यांच्याकडे शेजारच्या गावाचाही चार्ज असल्यामुळे ते सापडणं हेच निम्मं काम. "ताई, दिव्यांग निधी तो. पाच टक्के," एवढं बोलून ते पुन्हा कागदांत शिरले.

"कशाचे पाच टक्के?"

या प्रश्नावर त्यांनी मान वर केली. बहुतेक हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नसावा. कपाटातून एक रजिस्टर काढलं आणि माझ्याकडे फिरवलं.

ग्रामपंचायतीचा कारभार १ ते ३३ नमुन्यांत चालतो. नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ८ म्हणजे कर आकारणी, नमुना ९ म्हणजे कराची मागणी. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, पाणीपट्टी, गाळ्यांचं भाडं, असं जे काही ग्रामपंचायत स्वतः गोळा करते ते तिचं स्वउत्पन्न. त्या स्वउत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा नियम. दिव्यांगांचे पूर्वी तीनच टक्के होते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आल्यानंतर पाच झाले.

आमच्या गावाची त्या वर्षीची मागणी, चालू आणि थकबाकी धरून, सात लाखांच्या वर होती. वसूल झाले २,८१,६००. त्याचे पाच टक्के १४,०८०. यादीत माणसं २२. भागा. ६४०.

मी कॅल्क्युलेटर काढला तर भाऊसाहेब हसले. "बरोबर आहे ताई, पैसा इकडचा तिकडं नाही." खरंच नव्हता. मी गेले होते भांडायच्या तयारीने. आमच्याकडे कुठलाही निधी म्हटलं की मध्ये कुणीतरी खाल्ला असणार हे आधीच ठरलेलं असतं. इथे खायलाच काही नव्हतं.

"पण ग्रामपंचायतीला तर लाखांनी पैसा येतो," मी म्हटलं. येतो. तेव्हा तो पंधराव्या वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून यायचा. महाराष्ट्रात त्यातला ८० टक्के वाटा ग्रामपंचायतींना, दहा पंचायत समितीला, दहा जिल्हा परिषदेला. आमच्या गावाला वर्षाला बाराएक लाख. पण त्यातला ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच. उरलेला ४० टक्के अबंधित. तो गावाच्या गरजेप्रमाणे वापरता यायचा, फक्त पगार आणि आस्थापनेवर खर्चायचा नाही. ही 'फक्त' पुढे आम्हाला फार नडली.

निघताना भाऊसाहेबांनी सहज नमुना ९ चं पान उलटलं आणि म्हणाले, "बाकी ताई, तुमच्या घराचं तीन वर्षांचं राहिलंय."

सासऱ्यांच्या नावावर ४,२६० रुपये थकबाकी. मी दुसऱ्याच्या वसुलीचा हिशेब विचारायला गेलेली बाई. तिथल्या तिथे फोनवरून भरले आणि पावती घेतली. घरी विचारलं तर सासरे म्हणाले, "दाखला लागला की भरतोच की आपण." गावात हीच रीत. मुलाच्या शाळेसाठी, कर्जासाठी किंवा निवडणुकीचा अर्ज भरायला थकबाकी नसल्याचा दाखला लागला की घरपट्टी भरायची. तोवर ती ग्रामपंचायतीची नुसती उधारी.

आता नुसतं कळून गप्प बसले असते तर हे लिहायला घेतलं नसतं. भावजींच्या पायांना व्यायाम लागतो. लहानपणी सासूबाई त्यांना तालुक्याला न्यायच्या, पुढे वजन वाढलं, सासूबाईंचे गुडघे गेले आणि ते थांबलं. गावात असे आणखी किती जण असतील म्हणून मी आणि आशाताई दोन रविवार फिरलो. कायद्यात आता २१ प्रकारचे दिव्यांगत्व आहे, पण गावाच्या लेखी दिव्यांग म्हणजे लंगडा किंवा आंधळा. ऐकू न येणारी, मनोरुग्ण, सिकल सेलवाला मुलगा, हे कुणी मोजलेच नव्हते. यादीतला एक माणूस वारलेला निघाला. जिल्हा रुग्णालयातून प्रमाणपत्रं काढायला सहा महिने गेले. त्या खेपांबद्दल लिहीत नाही, ज्यांनी मारल्या आहेत त्यांना माहीत आहे.

यादी २२ वरून २९ वर गेली. आणि मग माझ्या लक्षात आलं की मी काय करून बसले होते. रक्कम तीच, माणसं सात जास्त. पुढच्या मार्चला, म्हणजे २०२४ ला, वसुली थोडी वाढून तीन लाख १,६०० झाली तरी प्रत्येकाला आले ५२० रुपये. खालच्या आळीतल्या एका आजीने, जिचा एक डोळा पूर्ण गेलाय, मला रस्त्यात धरलं. "तू यादीत घुसवलीस ना माणसं? आमचे कमी झाले."

पण मध्ये बरंच झालं होतं, ते आधी सांगते.

मला वाटलं होतं ते असं: हे चौदा-पंधरा हजार सुटे सुटे वाटण्यापेक्षा एकत्र ठेवावेत, समाजमंदिराच्या एका खोलीत व्यायामाची सोय करावी, आणि तालुक्याहून महिन्यातून दोनदा फिजिओथेरपिस्ट बोलवावी. निधी सामूहिक कामावरही खर्च करता येतो. कागदावर सोपं होतं.

१ मे ची ग्रामसभा. मी उठून विषय मांडला. भाऊसाहेब म्हणाले विषयपत्रिकेवर नाही, आयत्या वेळच्या विषयांत घेऊ. आयत्या वेळचे विषय येईपर्यंत पाण्याच्या टाकीवरून भांडण झालं आणि सभा संपली.

१५ ऑगस्टला शहाणी झाले. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावीच लागते. बहुतेक ठिकाणी ती सह्यांच्या कागदावर होते, आमच्याकडेही तशीच व्हायची. या वेळी बचतगटांच्या बायकांना घेऊन आम्ही ती खरोखर भरवली आणि तिथे ठराव करून तो ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर आणला. मग झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली आणि माणसं गेली. मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतली जी संख्या कमी तेवढी गणपूर्ती लागते. आम्ही होतो ५८. सभा तहकूब.

मला रडू यायचं बाकी होतं. पण ग्रामपंचायतीचा जुना शिपाई हळूच म्हणाला, "वहिनी, बरं झालं. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पुढच्या वेळी पन्नास आणा, पण आपले आणा." हे शहाणपण त्याच्याकडचं. तहकूब सभेत ठराव झाला.

पण एकमताने नाही. माझ्याच यादीतला एक गडी, पोलिओचा, किराणा दुकान चालवतो, उभा राहिला. "ताई, तुमचा हेतू चांगला आहे. पण आजवर आमच्या नावाने आलेलं सगळं कुणी ना कुणी आमच्या भल्यासाठी म्हणून दुसरीकडेच वापरलंय. आमचे सहाशे आमच्या हातात राहू द्या." मला उत्तर सुचलं नाही. महिला-बालकल्याणाच्या दहा टक्क्यांचं मी रजिस्टरमध्ये पाहिलं होतं. आदल्या वर्षीच्या २८ हजारांतले निम्मे महिला मेळाव्याच्या मंडपाला, खुर्च्यांना आणि चहाला गेले होते. मेळाव्यात बायका होत्या, म्हणजे खर्च महिलांवर. हिशेबाला चूक नाही. त्या गड्याचं म्हणणं मी मनात जपून ठेवलं. शेवटी ठरलं की महिन्यातून एकदाच थेरपिस्ट, तिचे पैसे आधी बाजूला काढायचे, आणि उरतील ते पूर्वीसारखे खात्यावर.

आता खोली. समाजमंदिर होतं, पण त्यात डेकोरेटरचं सामान होतं आणि किल्ली कुणाकडे हे कुणालाच माहीत नव्हतं. ते सोडवलं सरपंच काकूंनी, एका दुपारी, कुलूप तोडून. काकू कमी बोलतात. पायऱ्या होत्या तीन, उंची बरोबर दोन फूट. रॅम्प पाहिजे.

तो पुढच्या वर्षाच्या आराखड्यात घालायचा होता. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ग्रामपंचायत विकास आराखडा मंजूर करून घेतला, अबंधितमधून रॅम्प, दरवाजा रुंद करणं आणि कमोडचं स्वच्छतागृह. अंदाजपत्रक पंचायत समितीच्या कनिष्ठ अभियंत्याने केलं, ८५ हजार. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढवणं. हे सगळं आमच्या संगणक परिचालक पोरीने केलं, रात्री, कारण दिवसा सर्व्हर चालत नव्हता.

काम सुरू झालं २०२४ च्या मे महिन्यात. मी कामावरून येताना पाहिलं तर गवंड्याने रॅम्प आखला होता दहा फुटांचा. भावजींना विचारलं तर ते म्हणाले, "वहिनी, एकास बारा लागतो. दोन फुटांना चोवीस." त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं, आणि बरोबर होतं. एक फूट चढायला बारा फूट लांबी, तर खुर्ची माणसाच्या हातून ढकलली जाते. दहा फुटांच्या रॅम्पवरून खुर्ची वर जाणार नाही, खाली मात्र जोरात येईल.

गवंडी म्हणाला अंदाजपत्रकात दहा फूटच आहेत. पाहिलं, होते. अभियंत्याला फोन केला तर ते म्हणाले जागा तेवढीच आहे. जागा समोर तेवढीच होती, पण बाजूला भिंतीच्या कडेने मोकळी होती. दुसऱ्या दिवशी मी रिकामी व्हीलचेअर घेऊन गेले, गवंड्याला तीत बसवलं आणि आखलेल्या उतारावर फळी टाकून ढकलायला लावलं. त्याच्याच पोराला. दोघेही अर्ध्यात थांबले. गवंडी उतरला, गमछाने तोंड पुसलं आणि म्हणाला, "वळवून घेऊ." मधे सपाट जागा ठेवून काटकोनात वळवलेला चोवीस फुटांचा रॅम्प झाला. जास्तीचं सिमेंट आणि वाळू लोकवर्गणीतून, कारण अंदाजपत्रकात नसलेली लांबी मोजमाप पुस्तिकेत येत नाही.

बिल निघायला अडीच महिने. वित्त आयोगाचा पैसा चेकने निघत नाही. सरपंच आणि भाऊसाहेब, दोघांची डिजिटल सही लागते, आणि काकूंच्या डोंगलची मुदत संपली होती. नवीन डोंगल येईपर्यंत ठेकेदार रोज मला नमस्कार करायचा. माझा काय संबंध? पण गावात काम ज्याने काढलं त्याचंच देणं.

खोली झाली. आता तिथे येणाऱ्या माणसाचे पैसे. मघाशी म्हटलेली 'फक्त' इथे आडवी आली. बारा लाखांतून भिंत बांधता येते, फरशी बसवता येते, दर वर्षी नवा रंगही देता येतो, पण त्या खोलीत बसून एखाद्याचा पाय हातात घेणाऱ्या बाईला त्यातून महिन्याचे पैसे देता येत नाहीत. मला हे समजायला वर्ष गेलं, म्हणून मी ते इथे ठळक सांगते आहे. गावोगावी कुलूपबंद समाजमंदिरं, व्यायामशाळा, अभ्यासिका दिसतात ना, त्यांतल्या बऱ्याच या एका कारणाने बंद असतात. बांधायला निधी असतो, चालवायला नसतो. चालवायचं तर स्वउत्पन्नातून. म्हणजे घरपट्टीतून. म्हणजे सासऱ्यांच्या ४,२६० मधून.

तालुक्यात नव्याने दवाखाना टाकलेली एक मुलगी तयार झाली, खेपेला ८०० रुपये, येण्याजाण्यासकट. तीन दरपत्रकं मागवा म्हणाले. तालुक्यात फिजिओथेरपिस्ट दोनच, तिसरं दरपत्रक जिल्ह्याहून आणलं, खेपेला अडीच हजारांचं. मासिक सभेत ठराव झाला, आणि जून २०२४ पासून ती येऊ लागली. व्यायामाचे समांतर बार जिल्हा परिषदेच्या सेस फंडातून, म्हणजे तिच्या स्वउत्पन्नातून, मिळावेत म्हणून समाजकल्याणकडे अर्ज दिला होता. तो एकदा कागद अपुरे म्हणून परत आला, दुसऱ्यांदा गेला तो अजून तिकडेच आहे. शेवटी गावातल्या वेल्डरने जीआय पाइपचे करून दिले, मजुरी घेतली नाही, पाइपचे पैसे घेतले.

पहिल्या शनिवारी आले सहा जण. भावजी गेले नाहीत. एवढं सगळं त्यांच्यावरून सुरू झालेलं आणि ते म्हणाले, "सगळं गाव बघायला जमेल, मी नाही." दुसऱ्या महिन्यात गेले, तेही सामना पावसाने थांबला म्हणून. बारच्या मधे दोन्ही कोपरं टेकवून उभे राहिले, किती वेळ ते त्यांनीच मोजलं: चाळीस सेकंद. "पॉवरप्ले पण नाही झाला," म्हणाले.

वसुलीसाठी मी शिपायाबरोबर फिरले हे माझ्या नवऱ्याला अजून पटलेलं नाही. "लोक काय म्हणतील, थकबाकी मागत फिरते." आम्ही मागत नव्हतो. नमुना ९ चा उतारा घेऊन जायचो आणि घराघरांत सांगायचो की तुमच्या शंभरातले पाच त्या खोलीत जातात, दहा अंगणवाडी आणि बायकांकडे, पंधरा मागासवर्गीय वस्तीकडे. ऐकून काहींनी भरले. जास्त लोकांनी भरले ते लोकअदालतीच्या नोटिसा आल्यावर, हेही खरं. सगळ्यात मोठी थकबाकी ज्यांची, ते भेटतच नाहीत, आणि ते ग्रामसभेत सगळ्यात पुढे बसतात. २०२५ च्या मार्चला वसुली ४ लाख १० हजारांवर गेली.

पाच टक्के २०,५००. थेरपिस्टच्या दहा खेपांचे ८,००० वजा. उरले १२,५००. भागिले २९.

भावजींच्या खात्यावर ४३१ रुपये आल्याचा मेसेज मला पतसंस्थेत, पुन्हा त्याच ताळेबंदाच्या गडबडीत आला. वसुली दीडपट झाली होती आणि हातात येणारे पैसे तिसऱ्या वर्षीही कमीच. किराणा दुकानवाल्याने काही म्हटलं नाही, फक्त साखर बांधून देताना माझ्याकडे पाहिलं.

संध्याकाळी एका डोळ्याची ती आजी ओट्यावर येऊन बसली. पासबुक घेऊनच आली होती.

"६४० येत होते. आता हे बघ. माझे २०९ कुठं गेले गं?"

मी तिला सगळं सांगितलं. वसुली, पाच टक्के, आठ हजार, एकोणतीस माणसं. तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "त्या पोरीला आठशे आमच्यातले जातात?"

"हो आजी. तुमचे पण गुडघे दुखतात ना, शनिवारी खोलीवर या. तुमच्याच पैशाचं आहे."

"शनिवारी बाजार असतो," आजी म्हणाली, आणि पासबुक पदरात गुंडाळून उठली.